बिछायतवाल्याला ॲडव्हान्स, चित्रकाराला सर्टिफिकेट

आधी एक किस्सा सांगतो, मग वाद घालू. दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मी आर्ट कॉलेजात फायनलला होतो आणि नागपुरातल्या एका संस्थेनं भिंत रंगवा स्पर्धा ठेवली होती. नाव नाही घेत, कारण ते लोक वाईट नव्हते, चांगलेच होते, आणि सगळा घोळ तिथंच आहे. आम्ही चार पोरं सकाळी सातला पोचलो. भिंत मिळाली नाल्याच्या काठची, प्लास्टरचे पापुद्रे निघून राहिलेले. रंग त्यांचा, म्हणजे सगळ्या ग्रुपांमध्ये मिळून चार डबे, त्यातला पिवळा आमच्यापर्यंत येईस्तोवर संपला. शेवटी आम्हीच खिशातून अकराशे रुपये काढले आणि एकाला बर्डीच्या बाजारात पिटाळलं. संध्याकाळी पाहुणे आले, भिंतीकडे पाठ करून फोटो झाला, आम्हाला टी-शर्ट मिळाला, तर्री पोहे मिळाले आणि सर्टिफिकेट मिळालं ज्यात माझं आडनाव चुकलेलं होतं. पुढच्या पावसाळ्यानंतर तिथून गेलो तर आमच्या चित्रावर कोचिंग क्लासची जाहिरात. आता मला सांगा, त्या क्लासवाल्यानं जाहिरात रंगवणाऱ्याला पैसे दिलेच असतील ना? त्यानं काही टी-शर्टवर काम केलं नसेल.

हे डोक्यातून अजून निघालं नाही. तीच भिंत, तोच रंग, तेच ऊन. एकाला मजुरी मिळाली कारण त्याचं काम "काम" होतं, आम्हाला नाही मिळाली कारण आमचं "कला" होतं.

तर माझं म्हणणं सरळ आहे. नागपुरात कलेचे कार्यक्रम कमी नाहीत, हल्ली तर हिवाळ्यात दर शनिवार रविवारी काही ना काही असतंच. पण यातले बहुतेक कार्यक्रम चित्रकाराच्या फुकट मेहनतीवर उभे असतात आणि वरून त्याला "प्रोत्साहन" म्हणतात. हे बंद व्हायला पाहिजे. पैसे देता येत नसतील तर चित्रकार बोलवू नका, गाण्याचा कार्यक्रम करा, नाहीतर सरळ महाप्रसाद ठेवा.

लगेच उत्तर येतं की भाऊ, नागपूरला कलेचं काही पडलेलं नाही, इथं लोकांना फक्त खाणं, राजकारण आणि प्लॉट कळतात, पुणे-मुंबई वेगळी. हे आमच्यातले कलाकारच जास्त बोलतात, दोन चहा झाले की सुरू. मला हे अजिबात पटत नाही. ज्या शहरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते त्या शहराला दृश्यकला कळत नाही असं कसं म्हणायचं? काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात, म्हणजे मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, तिच्याही सत्तर वर्षं आधीपासून. बांबू, कागद, कापड, रंग यातून उंच पुतळा उभा करायचा, त्याचा चेहरा असा रंगवायचा की लहान पोर आईला बिलगलं पाहिजे, आणि मग इतवारी-महालच्या गल्ल्यांमधून हजारो लोकांच्या गर्दीत तो फिरवून शेवटी जाळून टाकायचा. सोबत बडगे, ते तर आणखी भारी. त्या वर्षी ज्याच्यावर लोकांचा राग असेल, महागाई असो, भ्रष्टाचार असो, कोणी नेता असो, त्याचं सोंग बनवून गळ्यात पाटी अडकवायची. "इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असं ओरडत पूर्ण गाव मागे. हेच एखाद्या परदेशी शहरात असतं तर आपल्या लोकांनी त्याला पब्लिक आर्ट, इन्स्टॉलेशन, पोलिटिकल सटायर असली नावं देऊन त्यावर पेपर वाचले असते. इथं ते "इतवारीतली गर्दी, त्या दिवशी तिकडून जाऊ नको, ट्रॅफिक जाम असते".

आणि पैशाचं म्हणाल तर महालातल्या चितार ओळीत जा. नावातच चितारी आहेत. गणपतीच्या कितीतरी आधी तिथं मंडळांच्या चकरा सुरू होतात. मूर्ती किती फुटाची, बैठक कशी, डोळे कसे, मागच्या वर्षी सोंड जरा जाड झाली होती, सगळं बोलणं होतं, भावात घासाघीस होते, आणि मग ॲडव्हान्स दिला जातो. ॲडव्हान्स दिल्याशिवाय ऑर्डर पक्की होत नाही हे मंडळाच्या सगळ्यात उनाड पोरालाही माहीत असतं. कोणी मूर्तिकाराला म्हणत नाही की "काका, मूर्ती फुकट द्या, दहा दिवस मंडपात हजारो लोक पाहतील, तुमचं नाव होईल". म्हटलं तर काका पायात काय सापडेल ते फेकून मारतील. इथून मूर्ती मध्य प्रदेश, छत्तीसगडपर्यंत जातात. म्हणजे या शहराला मातीत, रंगात, आकारात हात घालणाऱ्या माणसाला पैसे देता येतात, चांगले देता येतात, आणि ते द्यायचे असतात हेही कळतं.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पाहा. लाखो माणसं येतात, पुस्तकांचे स्टॉल असतात त्याबद्दल सगळे लिहितात, पण चित्रांचे आणि मूर्तींचे स्टॉल पण बघा ना जरा. बाबासाहेबांच्या तसबिरी, बुद्धाच्या लहानमोठ्या मूर्ती, कॅलेंडरं, पोस्टरं. रात्रभर प्रवास करून आलेली बाई परतीचे पैसे बाजूला ठेवून उरलेल्या पैशात एक फ्रेम घेते आणि ती गाडीत मांडीवर धरून नेते. चित्र विकत घेऊन घरात लावायची इच्छा या मातीत नाही म्हणणाऱ्याला मी एकदा त्या गर्दीत घेऊन जाणार आहे. प्रत्येक तसबीर काही उत्तम नसते, छापील माल पुष्कळ असतो, हे मान्य. पण मुद्दा हा की माणूस चित्रासाठी खिशात हात घालतो, त्याच्या जगण्यातलं काही त्या चित्रात असेल तर. सिव्हिल लाइन्समधल्या एसी हॉलमध्ये आम्ही चार दिवस प्रदर्शन लावतो, ते पाहायला आमचेच मित्र, त्यांच्या बायका आणि एक रिटायर्ड काका येतात जे दर प्रदर्शनाला येतात आणि अभिप्राय वहीत "छान" लिहितात. मग आम्ही म्हणतो शहराला कळत नाही. अरे, पण शहराला सांगितलं कुणी?

असो. आता कार्यक्रमांच्या हिशोबाकडे येतो, कारण माझी मुख्य चिडचिड तिथं आहे.

कोणताही सांस्कृतिक महोत्सव घ्या, मोठा घ्या की वस्तीतला घ्या. बिछायतवाल्याला, म्हणजे मंडप-खुर्च्यावाल्याला, पैसे मिळतात, अर्धे आधी. साऊंडवाल्याला मिळतात, न मिळाले तर तो माइकच लावत नाही. जनरेटर, फ्लेक्स, हार, बुके, पाण्याच्या बाटल्या, निवेदिका, सगळ्यांचं बिल होतं. बाहेरून येणाऱ्या गायकाचं तर विमान, हॉटेल, मानधन, सगळं, आणि त्यात चूक काही नाही, तो त्याचा रेट घेतो. मग स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात एक इझल लावलेलं असतं आणि तिथं आपल्यातला कोणीतरी "लाइव्ह पेंटिंग" करून राहिलेला असतो. दोन तास पाठीमागून स्पीकर कानात वाजतो, तो त्यातच रंगवतो, शेवटी निवेदिका म्हणते "आपल्या शहराचे गुणी कलावंत", टाळ्या, आणि ते चित्र प्रमुख पाहुण्यांना भेट. म्हणजे वेळ गेला, कॅनव्हास गेला, रंग गेला आणि चित्र पण गेलं. मानधनाचं विचारलं तर "अरे दादा, एवढ्या लोकांसमोर प्लॅटफॉर्म दिला ना तुला". प्लॅटफॉर्म रेल्वे स्टेशनवर पण मिळतो, तिथं दहा रुपयात तिकीट आहे.

स्पर्धा हा तर याहून हुशार प्रकार आहे. समजा पन्नास ग्रुप बोलावले, बक्षीस तिघांना. उरलेल्या सत्तेचाळीस ग्रुपांनी पण भिंती रंगवल्याच ना? हेच काम ठेकेदाराला दिलं असतं तर काय झालं असतं, हिशोब करून पाहा. दहा बाय वीस फुटाची भिंत, दोनशे चौरस फूट. चार पोरं, एक पूर्ण दिवस. साधा घर रंगवणारा पेंटर दिवसाला आठशे घेतो असं धरू, म्हणजे एका भिंतीची नुसती मजुरी बत्तीसशे झाली, डिझाइनचा एक रुपया न धरता. सत्तेचाळीस भिंतींचे दीड लाख होतात. ते दीड लाख कोणी दिले? विशीतल्या पोरांनी दिले, ज्यांच्यातले अर्धे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून येऊन इथं रूम करून राहतात आणि महिन्याच्या शेवटी मेसचे पैसे उधार ठेवतात. आयोजकांना हे असं दिसत नाही, त्यांच्या मनात पाप नसतं, त्यांना खरंच वाटतं की आपण मुलांना संधी देऊन राहिलो. म्हणून तर भांडता येत नाही. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं हो.

यावर दोन उत्तरं येतात आणि दोन्हीत थोडं तथ्य आहे, ते पण सांगतो. एक, लहान मंडळाकडे, कॉलनीच्या समितीकडे पैसेच नसतात. खरं आहे. पण मग पन्नास भिंती कायले पाहिजेत? पाच करा. पाच लोकांना बोलवा, पैसे द्या, चांगला रंग द्या, भिंतीला आधी प्रायमर मारून द्या. पाच भिंती चांगल्या झाल्या तर त्या पाच वर्षं टिकतील, पन्नास भिंती पहिल्या पावसात वाहून जातात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा स्वस्तातला रंग उडून पांढरा पडतो ते वेगळंच. दुसरं उत्तर असं की नवीन मुलांना सराव मिळतो, ओळखी होतात. हो, होतात. मलाही दोन चांगले मित्र त्याच नाल्याकाठी मिळाले. पण ओळखीतून काय मिळतं तर पुढच्या फुकट कामाचं बोलावणं, कारण तुमची ओळख "चांगला आहे आणि पैसे मागत नाही" अशीच झालेली असते. हे चक्र तोडायला पस्तिशी यावी लागते आणि तोपर्यंत निम्मे लोक शाळेत ड्रॉइंग टीचर झालेले असतात, नाहीतर पुण्याला जाऊन कुठल्यातरी ॲपसाठी आयकॉन काढत बसतात.

ड्रॉइंग टीचरवरून आठवलं. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षांना पोरं केवढ्या उत्साहानं बसतात, घरचे पोस्टर कलरचा नवा बॉक्स घेऊन देतात, कारण दहावीत वाढीव मार्क मिळतात. मार्क मिळाले की बॉक्स माळ्यावर. त्यात पालकांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना शहरात एकही माणूस असा दिसत नाही जो चित्र काढून घर चालवतो. जे चालवतात, चितार ओळीतले, त्यांना ते चित्रकार समजत नाहीत. कारागीर समजतात.

भिंतींवर काय रंगवलं जातं हा आणखी एक विषय आहे, त्यावर पण जरा बोलू द्या. २०२३ च्या मार्चमध्ये जी-ट्वेंटीच्या निमित्तानं सी-ट्वेंटीची, म्हणजे त्यातल्या नागरी संस्थांच्या गटाची, बैठक आपल्याकडे झाली, तेव्हा शहर कसं नटवलं होतं आठवते ना, झाडं, कुंड्या, लाइटिंग, रंगवलेल्या भिंती. कुंड्या चोरीला गेल्या ते सगळ्यांच्या लक्षात आहे, भिंतींवर काय होतं ते विचारा बरं कोणाला. नागपुरात कुठंही भिंत रंगवायची म्हटली की वारली येते. तारपा नाच, गोल गोल माणसं. वारली सुंदर आहे, पण ती पालघर-डहाणूकडची, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाची. ती इथं येते कारण त्रिकोण आणि काड्या कोणालाही पटकन काढता येतात, आणि फुकट कामात पटकनच होणारं चित्र येणार, दुसरं काय येईल? आपल्याकडं मारबतीचे डोळे आहेत, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदीबैल आहेत, झाडीपट्टीच्या नाटकांचे रंगवलेले पडदे आहेत, वडसा-चंद्रपूरकडं रात्ररात्र चालणाऱ्या नाटकांमागचे ते महाल, जंगलं, नद्या. यातलं काही भिंतीवर आणायचं तर चित्रकाराला आधी जाऊन बघावं लागेल, स्केचेस करावी लागतील, दोनचार दिवस विचार करावा लागेल. विचार करायचे पैसे कोण देतो?

आणि पैसे देणाऱ्याचं नाव राहत नाही असं नाही बरं का. अजिंठ्याची सोळा नंबरची लेणी वराहदेवानं करवली, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि तसं तिथं कोरून ठेवलं आहे. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आजच्या वाशिमचा. विदर्भातल्या दरबाराच्या माणसानं पैसे दिले म्हणून पंधराशे वर्षांनी आपण त्याचं नाव घेऊन राहिलो. रंगवणाऱ्यांची नावं मात्र तिथं नाहीत, ती गंमत तेव्हापासूनची आहे. आपल्या भिंतींवर तर उलटं झालं, पैसे न देणाऱ्याचं नाव आणि लोगो दोन फुटाचा, रंगवणाऱ्याचं कोपऱ्यात सुद्धा नाही.

रझांचं नाव मात्र सगळे घेतात. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे, १९२२ चा जन्म, तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं आणि ते १९३९ ते ४३ इथल्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. मग मुंबई, मग फ्रान्स. २०२३ मध्ये त्यांचं एक चित्र लिलावात ५१ कोटींच्या वर गेलं तेव्हा माझ्या फोनवर चार ग्रुपांमध्ये "आपल्या नागपूरचे रझा" आलं. छाती फुगवायला हरकत नाही, पण ते इथून गेले होते हे पण लक्षात ठेवा. भाऊ समर्थ गेले नाहीत, इथंच राहिले, चित्रं काढली, लिहिलं, त्यांच्याबद्दल कोणत्या ग्रुपवर काय येतं? मी विचारून पाहिलं एकदा. एकानं लिहिलं, "समर्थ म्हणजे रामदास स्वामी ना?"

करता काय येईल हे कोणी विचारलं तर माझ्याकडं फार मोठी योजना नाही. बंगळुरूला गेली वीसेक वर्षं चित्र संते होते, जानेवारीतल्या एका रविवारी, चित्रकला परिषदेच्या समोरचा कुमार कृपा रोड बंद करतात आणि दिवसभर चित्रकार फुटपाथवर, रस्त्यावर चित्रं मांडून विकतात. संते म्हणजे बाजार, आठवडी बाजार जसा. रिबन, भाषण याच्यापेक्षा विक्री महत्त्वाची. शे-दोनशेच्या स्केचपासून लाखाच्या कॅनव्हासपर्यंत सगळं एकाच रस्त्यावर, मधे कोणी दलाल नाही. आपल्याकडं सिव्हिल लाइन्समध्ये झाडांचे इतके चांगले रस्ते आहेत, रविवारी तसेही रिकामे असतात. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र तिथंच आहे, १९८६ पासून, त्यांच्या क्राफ्ट मेळ्याला नागपूरकर तिकीट काढून जातात, ओडिशाची साडी घेतात, सहारनपूरचं लाकूडकाम घेतात, पिशव्या भरून येतात. तोच माणूस तिथून शंभर पावलांवर नागपूरच्या पोराचं चित्र पाचशे रुपयाला घेणार नाही असं कशावरून? एक रविवार करून तर पाहा. चितार ओळीतल्या लोकांनाही बोलवा, मारबत करणाऱ्यांनाही, साइनबोर्ड रंगवणारे जे दोनचार म्हातारे फ्लेक्सनंतरही उरलेत त्यांनाही, आणि आर्ट कॉलेजच्या पोरांच्या शेजारी त्यांचा टेबल लावा. एकमेकांचे भाव तरी कळतील. मला तर खात्री आहे की मूर्तिकार काका आमच्या पोरांना एका दिवसात असा हिशोब शिकवतील जो पाच वर्षांच्या डिप्लोम्यात कोणी शिकवत नाही.

बाकी बदल तर अगदी फुकटात होण्यासारखे आहेत. भिंतीवर चित्रकाराची सही राहू द्या, वीतभर जागेत मावते. लाइव्ह पेंटिंग ठेवलं तर चित्र त्याचं त्याला घेऊन जाऊ द्या, नाहीतर विकत घ्या. वर्गणीच्या हिशोबाचा कागद मंडळं बोर्डावर लावतात ना, त्यात "चित्रकार" अशी एक ओळ असू द्या, आकडा लहान का असेना. डीजेच्या खाली लिहिली तरी चालेल, आम्हाला सवय आहे.

आणि आम्ही कलाकारांनी पण जरा सुधारायला पाहिजे, हे लिहिल्याशिवाय बरं वाटणार नाही. पैसे मागायची आम्हाला लाज वाटते, कोणी विचारलं किती घेशील तर "तुम्ही द्याल ते" म्हणून मोकळे होतो आणि मग चहाच्या टपरीवर तासभर शिव्या देतो. शेजारचा मित्र फुकट जातो म्हणून आपणही जातो, गेलो नाही तर यादीतून नाव कटेल ही भीती. मी गेलेलो आहे, चुकलेल्या आडनावाचं सर्टिफिकेट मिळाल्यानंतर पण दोनदा गेलो.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन येईल. त्याआधी रस्ते होतील, दुभाजक रंगतील, कोणाच्या तरी डोक्यात भिंती येतील आणि माझ्या फोनवर मेसेज येईल, "सर, यंदा पण आपली टीम पाहिजे बरं का, रंग आमच्याकडून". यावेळी उत्तर टाइप करून आधीच ठेवलं आहे. चौरस फुटाचा रेट, प्रायमर तुमचा, अर्धा ॲडव्हान्स, आणि खाली उजव्या कोपऱ्यात सही राहील.